मधलीच्या पोटातले कागद

काटेवाल्यांच्या बायकोला तीन सवती होत्या. तिघी मागच्या गल्लीत, बंद पडलेल्या बर्फाच्या कारखान्याच्या शेडमध्ये राहायच्या. दर रविवारी काटेवाले त्यांना आंघोळ घालायचे, पुसायचे, चमकवायचे. "माझ्या पाठीला कधी साबण लावला नाही हो यांनी," असं ती येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची. पण सांगताना राग नसायचा, हसूच जास्त.

या सवती म्हणजे जुन्या मोटारी. थोरली काळी, ढेरपोटी, तिचा भोंगा वाजला की बदक शिंकल्यासारखं वाटायचं. मधली सायीच्या रंगाची, लांबलचक, मागच्या सीटवर तीन माणसं आणि एक रुसलेलं पोर सहज मावेल अशी ऐसपैस. धाकटी हिरवी, दोन दारांची, महा लहरी. तिच्या मनात आलं तर चालू व्हायची, नाहीतर चार माणसांनी ढकलली तरी ढिम्म. ही नावं बायकोनेच ठेवली होती. तिला सगळी गल्ली काकू म्हणायची, म्हणून आपणही काकूच म्हणू.

तीन मोटारी म्हटल्यावर कोणाला वाटेल, मोठं प्रस्थ असणार. छे! काटेवाले दुकानादुकानांतले तराजू आणि वजनकाटे दुरुस्त करायचे. खांद्याला कातडी पिशवी, तिच्यात कानशी, तेलाची बुधली, पितळेची खरी वजनं. काटा उघडायचा, साफ करायचा, खऱ्या वजनाशी ताडून बघायचा आणि शेवटी बारीक तारेत शिशाचा मणी ओवून चिमट्याने दाबायचा. त्या मण्यावर त्यांच्या चिमट्याची खूण उमटायची, एक छोटा त्रिकोण. मणी शाबूत तोवर काटा खरा.

काटा उघडून बसलं की दुकानात तासभर तरी जायचा. हात कामात, पण डोळे मोकळे. ते डोळे फडताळांवर फिरायचे. कुठल्या डब्यावर बोटभर धूळ आहे, कुठल्या साबणाची वडी ठेवायच्या आधीच संपते, कुठली बिस्किटं दुकानदार पोरांच्या हाताला लागतील अशी ठेवतो, सगळं ते बघायचे. ज्या मालावर धूळ बसायला सवडच मिळत नाही, त्याच्या कंपनीचं नाव ते डब्यावरून वाचून घ्यायचे आणि दलालाकडे जाऊन तिचे पाच-दहा शेअर घ्यायचे. पुढच्या वर्षी आणखी पाच-दहा. एवढंच त्यांचं शिक्षण.

त्यांचा आणखी एक नेम होता. शेअर दहापट झाल्याशिवाय विकायचा नाही. दहापट झाला की तिसरा हिस्सा विकायचा आणि त्या पैशातून एक म्हातारी मोटार घरी आणायची. साबणातून थोरली आली, अठरा वर्षांनी. बिस्किटांतून मधली. कुलपांतून धाकटी.

"इतकी वर्षं कळ काढली, स्वतःला काहीतरी बक्षीस नको का?" ते म्हणायचे.

"मग घड्याळ घ्या की. सोन्याचं घ्या. घड्याळाला शेड लागत नाही."

"घड्याळ मनगटावर बसतं. हिच्यात आपण बसतो."

"चालली तर," काकू म्हणायच्या.

मधे एकदा बाजार असा कोसळला की शेजारच्या निवृत्त कारकुनाने दोन दिवस अन्न टाकलं. तो धावत आला. "अहो, विका, विका! हातात राहील तेवढं तरी वाचवा!" काटेवाले वाण्याचा काटा मांडीवर घेऊन बसले होते. मान वर न करता म्हणाले, "काटा हलत असताना वजन वाचायचं नसतं." कारकुनाने स्वतःचे विकले आणि पुढची दहा वर्षं त्या दिवसाबद्दल काटेवाल्यांनाच बोल लावत राहिला.

काकूंना मात्र या कागदांची धास्ती. लग्नानंतर पहिल्यांदा घरात शेअरचे कागद आले तेव्हा त्या रात्रभर जाग्या राहिल्या होत्या. सकाळी त्यांनी बजावलं, "हे पुन्हा मला दाखवायचे नाहीत. कुठे ठेवता, किती आहेत, काही सांगायचं नाही. मला ठाऊक नसलं की माझा डोळा लागेल." काटेवाले एकवचनी माणूस. त्यांनी चाळीस वर्षांत एक अक्षर सांगितलं नाही.

तर आता चौथीची गोष्ट.

चौथी निळी. ती गावातल्या डॉक्टरांची. काकूंच्या पहिल्या बाळंतपणात भर दुपारी कळा सुरू झाल्या तेव्हा डॉक्टर स्वतः गाडी घेऊन आले होते. काकूंना मागच्या सीटवर निजवलं, काटेवाले पुढे बसले आणि दवाखाना दोन वळणांवर राहिलेला असताना लेक जन्माला आली. डॉक्टरांनी गाडी झाडाखाली उभी करून नाळ कापली. "या घरात दम नसलेलं एकच माणूस, आणि ते माझ्या सीटवर जन्मलं," असं ते पुढे भेटतील तेव्हा म्हणायचे. लेक आता दूरच्या शहरात असते, आणि अजूनही फोन दोनदा वाजला की तिसऱ्यांदा थांबत नाही, ठेवूनच देते.

डॉक्टर गेले. त्यांच्या बायकोने घर विकून मुलाकडे जायचं ठरवलं. निळी मोटार अंगणात चार विटांवर उभी होती. भंगारवाला रोज येऊन तिच्याभोवती फेऱ्या मारत होता. डॉक्टरीणबाईंनी काटेवाल्यांना निरोप पाठवला: महिनाअखेरपर्यंत थांबते, मग नाइलाज आहे.

तिन्ही सवतींना नाकं मुरडणाऱ्या काकू या चौथीसाठी मात्र झुरू लागल्या. बोलून दाखवलं नाही, पण भाजी आणायला जाताना मुद्दाम डॉक्टरांच्या फाटकावरून जायच्या आणि ती अजून आहे ना, ते बघून यायच्या.

त्याच महिन्यात काटेवाल्यांचा सत्तरावा वाढदिवस होता. काकूंनी ठरवलं, यंदा सवतीचीच ओटी आपण भरायची. मधलीची मागची सीट फाटली होती. एका कोपऱ्यातून काथ्या बाहेर आलेला, आणि एक स्प्रिंग बसणाऱ्याला बरोबर नको तिथे टोचायची. काकू एका शिंप्याकडची काजं घरी आणून करायच्या. दोन वर्षांच्या काजांचे पैसे त्यांच्याकडे डब्यात साठले होते. काटेवाले गावाबाहेरच्या गोदामांचे मोठे काटे तपासायला पाच दिवस गेले. काकूंनी लगेच सीटवाल्याला बोलावलं, सीट उचलून दिली आणि सांगितलं, "रविवारी सकाळी बसवून द्या. यांना कळता कामा नये."

"माझ्याकडून कोणाला काही कळत नाही, वहिनी," सीटवाला म्हणाला. जाडजूड माणूस, तोंडात कायम चार खिळे, त्यामुळे बोलणं कमी.

शुक्रवारी संध्याकाळी काटेवाले परत आले. पाय धुऊन चहा घेता घेता म्हणाले, "अगं, डॉक्टरीणबाईंना मी हो म्हणून आलो."

काकूंनी बशी खाली ठेवली. "खरंच? आणि पैसे?"

"रंगाच्या कंपनीचे शेअर बारापट झालेत. सव्वीस वर्षं झाली. तिसरा हिस्सा विकतो. सोमवारी दलालाला कागद नेऊन दिले की पंधरवड्यात पैसे. महिनाअखेरीच्या आत निळी आपल्या दारात."

काकूंना इतका आनंद झाला की त्यांनी चाळीस वर्षांत न विचारलेला प्रश्न विचारला. "कुठे असतात हो तुमचे ते कागद?"

"आता विचारतेयस?" काटेवाले हसले. "मधलीच्या पोटात. मागच्या सीटच्या आत, स्प्रिंगांच्या वर. त्या वर्षी चोर आपल्या कपाटातून रेडिओ आणि इस्त्री घेऊन गेला ना, तेव्हाच म्हटलं, घर काही खरं नाही. जी गाडी तीन माणसांना सुरू होत नाही, ती कोण नेणार?"

 गाडी कोणी नेली नव्हती. सीट काकूंनी स्वतःच्या हाताने दिली होती, आणि वर मजुरीची आगाऊ रक्कमही.

त्या डोकं दुखतंय म्हणून लवकर पडल्या, पण डोळा कसला लागतो! बिचारीचं खरंच होतं: ठाऊक नव्हतं तोवर झोप होती.

शनिवारी सकाळी काजांचं बोचकं पोचवायचं निमित्त करून त्या निघाल्या ते थेट सीटवाल्याकडे. लांबट दुकान, भिंतीला टेकवलेल्या मोटारींच्या पाठी, खुर्च्यांचे सांगाडे, डिंकाचा वास. मधलीची सीट मध्यभागी मेजावर होती. नवी कोरी, तपकिरी, ताणून बसवलेली, नखभर सुरकुती नाही. एरवी काकूंनी तिच्यावरून हात फिरवला असता.

"सीटवाले, जुना काथ्या कुठाय?"

"गेला. गुरुवारी कचऱ्याची गाडी येते."

"त्यात… आत काही निघालं होतं का? पुडकं वगैरे?"

सीटवाल्याने खिळे एका गालातून दुसऱ्या गालात घेतले. "काही नव्हतं, वहिनी."

"नीट आठवा ना भाऊ. एवढंसं, कागदाचं."

"चाळीस वर्षं सीटा उघडतोय. कंगवा निघतो, नाणी निघतात. तुमच्या सीटमध्ये काही नव्हतं."

 काकू घरी आल्या त्या कशा आल्या ते त्यांचं त्यांना ठाऊक नाही. वाटेत डॉक्टरांचं फाटक लागलं. निळी विटांवर उभी होती आणि भंगारवाला तिच्या चाकाशी बसून दाढी खाजवत होता. काकूंनी तोंड फिरवलं. सव्वीस वर्षं नवऱ्याने धूळ बघून बघून जमवलेलं, ते आपण कचऱ्याच्या गाडीत घातलं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

काटेवाले ओट्यावर पितळी वजनं पुसत बसले होते. काकू त्यांच्यासमोर उभ्या राहिल्या आणि एका दमात सगळं सांगून मोकळ्या झाल्या. वाढदिवस, सीट, काजांचे पैसे, कचऱ्याची गाडी. शेवटी म्हणाल्या, "आता तुम्ही मला काय बोलायचं ते बोला. मी ऐकून घेते."

काटेवाल्यांनी हातातलं वजन डबीत ठेवलं.  मग म्हणाले, "म्हणजे ती स्प्रिंग आता टोचणार नाही?"

"अहो, मी काय सांगतेय आणि तुम्ही काय विचारताय!"

"बस जरा. काटा हलतोय. थांबू दे." त्यांनी तिला पाणी दिलं. "कागद गेले म्हणून कंपनी जात नाही. अर्ज करू, दुसरे कागद मिळतील. वर्ष लागेल फार तर."

"आणि निळी?"

 भंगारवाला काही वर्षभर दाढी खाजवत बसणार नव्हता. काकूंच्या डोळ्यांतून पाणी आलं तेव्हा काटेवाल्यांनी चपला पायात घातल्या. "सीटवाला काय म्हणाला म्हणालीस? काही नव्हतं?"

"दोनदा म्हणाला."

"मग खोटं बोलतोय. पुडकं विटेएवढं होतं. ते दिसलंच नाही असं होणार नाही. चल."

दोघं दुकानात शिरली. सीटवाल्याने आधी काकूंकडे बघितलं, मग काटेवाल्यांकडे, आणि तोंडातले खिळे तळहातावर काढून ठेवले. हा माणूस खिळे काढतो म्हणजे काहीतरी बोलणार, हे गल्लीत सगळ्यांना माहीत होतं.

"गाडी कोणाची?"

"माझी," काटेवाले म्हणाले.

"आत काही ठेवलं होतं?"

"मेणकापडाचं पुडकं."

"बांधलं कशाने होतं?"

"तारेने. तारेला शिशाचा मणी. मण्यावर त्रिकोण." काटेवाल्यांनी खिशातून चिमटा काढून त्याच्यापुढे धरला.

सीटवाल्याने चिमट्याचं तोंड बघितलं, मान डोलवली आणि शांतपणे म्हणाला, "मग आहे. आतच आहे. जसं होतं तसं ठेवून वरून शिवून टाकलंय."

काकू मटकन खुर्चीवर बसल्या. खुर्चीला बूडच नव्हतं, नुसता सांगाडा, त्यामुळे त्या आत गेल्या आणि दोघांना धरून बाहेर काढावं लागलं. पण जीव भांड्यात पडलेल्या माणसाला त्याचं काय! सांगाड्यात अडकल्या अडकल्याच त्या कडाडल्या, "मेल्या, मग मला का नाही सांगितलंस? रडत घरी गेले मी!"

"आमच्या कामाची रीतच आहे, वहिनी," सीटवाला म्हणाला. "माणूस सीटमध्ये वस्तू लपवतो ती घरातल्या कोणापासून तरी लपवतो. आता सीट घेऊन येणारा तो लपवणारा की ज्याच्यापासून लपवलं तो, हे मला काय कळणार? तरुणपणी मी इमानदारीने देत सुटलो होतो. एकाच्या बायकोला पत्रं दिली, एका बापाला पोराची सिगारेट. तीन घरं मोडता मोडता राहिली. तेव्हापासून जे आतून निघेल ते आत जातं. ज्याचं आहे त्याने येऊन खूण सांगावी."

"मी लपवलं नव्हतं हिच्यापासून," काटेवाले म्हणाले. "हिनेच सांगितलं होतं, सांगू नका म्हणून."

"ते मला स्प्रिंगांनी सांगितलं नाही," सीटवाला म्हणाला.

आता काकूंना हसू आवरेना. काखेत कळसा आणि गावाला वळसा! पण लगेच पुढची अडचण. कागद सोमवारी हवेत, नाहीतर पैसे वेळेत येणार नाहीत. खालून स्प्रिंगांची जाळी तारांनी आवळलेली, वर गादी डिंकाने बसवलेली, त्यावर नवं कापड. सीटवाला म्हणाला, "रीतसर उकलायचं तर तीन दिवस. आणि डिंकाचं कापड एकदा निघालं की पुन्हा असं बसणार नाही. नाहीतर वरून चीर द्यावी लागेल."

"चीर नाही द्यायची," काटेवाले एकदम म्हणाले. त्यांचा आवाज सहसा चढत नाही, तो चढला. "दोन वर्षांची काजं आहेत ती. निळी राहू दे. कागद आहेत हे कळलं, भरून पावलो. पुढे कधीतरी दुसरी मोटार मिळेल."

काकू नवऱ्याकडे बघत राहिल्या. हा माणूस सव्वीस वर्षं कशासाठी थांबला होता ते त्यांना माहीत होतं, आणि तेच तो एका तपकिरी कापडासाठी सोडून द्यायला निघाला होता. त्यांनी मेजावरची मोठी कात्री उचलली.

"अगं—"

"गप्प बसा. माझी काजं, मी कापीन. पुडकं कुठल्या बाजूला, भाऊ?"

सीटवाल्याने बोट ठेवलं. काकूंनी खडूने रेघ मारली, वीतभर, शिवणीला समांतर, आणि कच्चकन कात्री चालवली. काटेवाल्यांनी डोळे मिटून घेतले. गादीचा थर कापून, हात कोपरापर्यंत आत घालून काकूंनी चाचपलं आणि मेणकापडाचं पुडकं ओढून काढलं. मणी शाबूत होता, त्रिकोणासकट.

"बघा, काटा खरा आहे," त्या म्हणाल्या.

मग त्यांनी सकाळपासून सोबतच राहिलेल्या काजांच्या बोचक्यातून सुई आणि जाड दोरा काढला. तिथेच मेजाशी उभं राहून चिरेच्या दोन्ही कडा काजाच्या टाक्याने बांधून घेतल्या, वर कापडाची एक पट्टी लावली आणि चार बटणं टाकली. सीटवाला चष्मा लावून वाकून बघत होता.

"वहिनी, माझ्याकडे कामाला येता का?"

"तुमच्याकडे? खिळे खायला?"

सोमवारी कागद दलालाकडे गेले. तिसरा हिस्सा विकला, बाकीचे परत आले, आणि ते कुठे ठेवायचे यावर नवराबायकोत चाळीस वर्षांत पहिल्यांदा चर्चा झाली. आता ते कपाटात असतात, आणि काकूंना झोपही छान लागते. महिना संपायला तीन दिवस असताना निळी दोराने ओढत आणली. भंगारवालाही मागून ढकलायला आला, कारण तेवढी मजुरी तरी मिळणार होती.

लेक मुद्दाम आली. शेडमध्ये शिरल्या शिरल्या म्हणाली, "कुठली सीट? कुठे जन्मले मी? आणि या मधलीला बटणं का आहेत? कोणी सांगेल का मला?"

"दम धर," आईवडील एकदमच म्हणाले.

निळीची सीट अगदीच उसवली होती. या खेपेला दोघांनी मिळून ती सीटवाल्याकडे पोचवली. आठवड्याने ती नवी होऊन आली, निळ्यावर निळी. सीटवाल्याने ती बसवली, ठोकून बघितली आणि पिशवी आवरू लागला.

काकूंनी हळूच विचारलं, "काय हो, हिच्यात काही निघालं?"

सीटवाल्याने खिळे एका गालातून दुसऱ्या गालात घेतले.

"काही नव्हतं, वहिनी."

काकूंनी काटेवाल्यांकडे बघितलं, काटेवाल्यांनी काकूंकडे. मग त्या आत शिरल्या, सीटवर ऐसपैस टेकल्या आणि नवऱ्यासाठी शेजारची जागा थोपटली. थोपटता थोपटता हाताला जरासं कडक काहीतरी लागलं. डॉक्टरांचं असेल, डॉक्टरीणबाईंचं असेल. ज्याचं असेल तो येईल आणि खूण सांगेल.

"बसा हो," त्या म्हणाल्या. "टोचत नाही."